सोरायसिसचा रोजचा त्रास: मोजायचा कसा आणि डॉक्टरांपुढे मांडायचा कसा

“कसं आहे?”
“बरंय.”

एवढ्या दोन शब्दांवर सोरायसिस या त्वचेच्या आजाराच्या कितीतरी रुग्णांचा पुढचा महिना ठरतो. डॉक्टर बाही वर करून कोपर बघतात, केसपेपरवर तेच मलम लिहितात आणि पुढच्या नंबरचा पुकारा होतो. बाहेर एसटी स्टँडवर चहा घेताना तोच माणूस सांगतो, की रात्री दोनला खाजेनं जाग येते, अंथरुणात पडलेला कोंडा घरचे उठायच्या आत झाडून टाकावा लागतो आणि दोन वर्षांत एकाही लग्नाला गेलेलो नाही. अहो, हे आत सांगायचं होतं!

मी केज तालुक्यात खत-बियाणांचं दुकान चालवतो. सोळा वर्षं हा आजार अंगावर वागवतोय. डॉक्टर नाही. पहिली आठ वर्षं मीही ‘बरंय’च म्हणत आलो. आता दुकानात येणाऱ्यांत कुणाच्या कोपरावर चट्टा दिसला की मी विषय काढतो आणि प्रत्येक वेळी तीच चूक ऐकतो. औषध कोणतं घ्यायचं ते या लेखात सापडणार नाही. डॉक्टरांना ते नीट ठरवता यावं म्हणून आपल्या बाजूनं कोणती तयारी, कोणत्या क्रमानं करायची, तेवढंच सांगतो.

तयारी का महत्त्वाची? आजार किती तीव्र आहे हे ठरवताना त्वचारोगतज्ज्ञ साधारण तीन आकडे बघतात. अंगाचा किती टक्के भाग व्यापला आहे, चट्टे किती लाल, जाड आणि पापुद्र्याचे आहेत, आणि रुग्णाच्या जगण्यावर किती परिणाम झाला आहे. तिन्हींपैकी एकही आकडा १० च्या वर गेला तर आजार तीव्र धरावा, असा एक सोपा नियम त्यांच्यात वापरला जातो. पहिले दोन आकडे डॉक्टरांच्या डोळ्यांना दिसतात. तिसरा फक्त तुमच्याकडे असतो आणि तो तुम्ही खिशात ठेवून परत येता.

टप्पा १: आधी नाव पक्कं करा

आपल्याकडे अंगावर गोल चट्टा उठला की तो ‘नायटा’. मेडिकलवरून खाजेची ट्यूब आणायची, चार दिवस चोळायची, चट्टा फिका पडला की बंद. अशा पुष्कळ ट्यूबांत बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि जोरदार स्टिरॉइड एकत्र असतं. स्टिरॉइडनं नायटाही तात्पुरता दबतो आणि सोरायसिसही. मग खरा आजार कोणता हे तज्ज्ञालाही पटकन ओळखता येत नाही.

सोरायसिसचा चट्टा बहुधा कोपर, गुडघे, डोकं, कंबरेची मागची बाजू इथे येतो. कडा स्पष्ट, कातडी जाड, वर चंदेरी पापुद्रा. पुस्तकातल्या फोटोत तो लालभडक दिसतो. आपल्या सावळ्या कातडीवर तो जांभळट किंवा तपकिरी दिसतो, त्यामुळे फोटोशी ताडून ‘आपला तो नव्हे’ असं ठरवू नका. नखांवर टाचणीनं टोचल्यासारखे बारीक खळगे असतील तर तेही सांगा. निरोगी कातडीला नवं होऊन वर यायला साधारण महिना लागतो. इथे तेच काम काही दिवसांत उरकतं, म्हणून थर साचतात आणि कोंडा गळतो. शरीराची प्रतिकारयंत्रणाच बिथरल्यामुळे हे होतं. रक्त ‘घाण’ झाल्यामुळे नाही, आणि मासे खाऊन वर दूध प्याल्यामुळे तर नाहीच.

तपासून पाहा: चट्ट्यावर हलकेच कापूस फिरवा. तिथे स्पर्श कळत नसेल, भाग सुन्न असेल, तर तो वेगळा विषय आहे. कुष्ठरोगाची तपासणी लगेच करून घ्या. सरकारी दवाखान्यात त्याचं औषध मोफत मिळतं आणि तो पूर्ण बरा होतो.

त्वचारोग विभाग कुठे? छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, लातूर आणि नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, या सगळीकडे आहे. निदान एकदा तरी तिथे किंवा खासगी त्वचारोगतज्ज्ञाकडे होऊ द्या.

इशारा: ‘एका सुईत अंग साफ’ करून देणाऱ्यापासून लांब राहा. ती सुई किंवा गोळी बहुतेकदा स्टिरॉइडची असते. काही पुड्यांतही ते मिसळलेलं असतं. असर उतरला की सोरायसिस दुप्पट जोरानं उसळतो. कधी पूभरल्या फोडांच्या रूपात, कधी सगळं अंग लाल होऊन. पण अशा गोळ्या बरेच दिवस घेत असाल तर आज वाचलं म्हणून आजच बंदही करू नका. डॉक्टरांना दाखवून हळूहळू कमी करायच्या असतात.

टप्पा २: सात दिवसांची वही

दवाखान्यात जायच्या आधीचा आठवडा निवडा. शाळेची शंभर पानी वही पुरते. रोज रात्री जेवणानंतर पाच ओळी:

झोप: किती वेळा जाग आली, किती वेळ.
खाज किंवा दुखणं: कुठे, कधी जास्त.
काम: काय करता आलं नाही, किंवा अर्ध्यावर सोडलं.
टाळलं: कुठे गेलो नाही, काय घातलं नाही, कुणाला भेटलो नाही.
औषध: लावलं का, किती वेळ गेला, काय राहिलं.

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. लोक लिहितात, ‘खूप त्रास झाला.’ खूप म्हणजे किती? डॉक्टरांना त्यातून काही हाती लागत नाही. भावना नका लिहू, घडलं ते लिहा. माझ्या जुन्या वहीतलं एक पान जसंच्या तसं:

“मंगळवार. रात्री २ ते सव्वातीन जागा. पिंढरी खाजवून रक्त, लुंगीला डाग. सोयाबीनच्या मळणीला गेलो नाही, भुस्सा अंगाला लागला की आग होते. गिऱ्हाइकाला चाळीस रुपये परत देत होतो, हातात घेईना, ‘ठेवा तिथं काउंटरवर’ म्हणाला. पांढरा शर्ट. (काळा घालून वर्ष झालं, खांद्यावर कोंडा दिसतो.) मलम सकाळी लावलं, रात्री नाही, बोटं चिकट होतात.”

हे पान वाचायला डॉक्टरांना अर्धा मिनिट लागलं. ते थांबले आणि पहिल्यांदाच म्हणाले, “शर्ट काढा, सगळं अंग बघू.”

फक्त वाईट दिवस लिहिणं ही दुसरी चूक. बरा गेलेला दिवसही लिहा, त्या दिवशी काय वेगळं होतं ते कळतं. तिसरी चूक म्हणजे सात दिवसांचं शेवटच्या रात्री एकदम बसून लिहिणं. ते आठवत नाही, रचलं जातं.

लिहिता येत नसेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करा. रात्री जाग आली की एक रेघ, काम बुडालं की गोल. नाहीतर नातवाला रोज रात्री मोबाइलवर दोन मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करायला सांगा.

टप्पा ३: दहा प्रश्नांचे गुण

त्वचेच्या आजारानं जगणं किती अडलं हे मोजण्यासाठी जगभर एक छोटी प्रश्नावली वापरतात. नाव डीएलक्यूआय. कार्डिफच्या डॉक्टरांनी १९९४ मध्ये तयार केली. त्वचारोग विभागात मागितली तर मिळू शकते. मूळ फॉर्मच भरावा, कारण शब्द बदलले की गुण बदलतात. पण आत काय विचारतात ते आधी माहीत असलं की उत्तर देताना गडबडायला होत नाही.

विषय साधारण असे: खाज-आग-दुखणं, लाज किंवा संकोच, बाजारहाट-घरकाम-परसातलं काम, कपड्यांची निवड, लोकांत मिसळणं, खेळ, काम किंवा शिक्षण, जोडीदार-मित्र-नातेवाईक यांच्याशी अडचण, शरीरसंबंधात अडचण, आणि उपचाराचाच त्रास, म्हणजे वेळ जाणं, घर-कपडे खराब होणं. प्रत्येकाला ० ते ३ गुण. एकूण ३० पैकी. सगळे प्रश्न फक्त गेल्या सात दिवसांबद्दल.

गुणांचा अर्थ:
० ते १: परिणाम नाही.
२ ते ५: थोडा.
६ ते १०: मध्यम.
११ ते २०: फार मोठा.
२१ ते ३०: अतिशय मोठा.

आता लोक कुठे चुकतात ते. या भागावर जरा थांबा, कारण मी पाहिलेल्या बहुतेक फॉर्ममध्ये गुण खऱ्यापेक्षा कमी निघाले होते.

‘लागू नाही’चा सापळा. ‘खेळात अडचण आली का?’ असं विचारलं की आमचा एक तरुण ‘लागू नाही’वर खूण करतो. लागू नाही म्हणजे शून्य गुण. का लागू नाही, विचारलं तर म्हणतो, “विहिरीवर पोहायला जायचो, आता अंग दिसतं म्हणून जातच नाही.” म्हणजे आजारानं त्याचं पोहणं पूर्ण बंद पाडलं आणि कागदावर आला शून्य! लग्नाला जाणंच सोडलेल्या बाईचंही तसंच. एखादी गोष्ट आजारामुळेच सुटली असेल तर ते डॉक्टरांना किंवा फॉर्म भरून घेणाऱ्याला तोंडी सांगा आणि वहीत वेगळ्या पानावर लिहा. ‘सोडलेल्या गोष्टी’ असं त्या पानाचं नाव ठेवा. माझ्या त्या पानावर अकरा ओळी झाल्या होत्या, तेव्हा मलाच धक्का बसला.

शेजारी कोण बसलंय. नववा प्रश्न शरीरसंबंधाचा आहे. सासू किंवा दीर शेजारी बसून फॉर्म वाचून दाखवत असेल तर कोणती सून खरं उत्तर देईल? फॉर्म एकट्यानं भरा. वाचता येत नसेल तर नर्सताईंना किंवा समुपदेशकाला वाचायला सांगा, नातेवाइकाला बाहेर बसवा. हे मागायला लाजू नका.

सवयीचा शून्य. “खाज? ती तर रोजचीच.” रोजची आहे म्हणून शून्य होत नाही. ज्याला हा आजार नाही अशा भावाच्या किंवा शेजाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. त्याला रात्री दोनदा उठावं लागलं असतं तर तो काय म्हणाला असता?

कामाचा प्रश्न. आजारामुळे त्या आठवड्यात काम करणंच थांबलं असेल तर त्या एका प्रश्नाचे पूर्ण ३ गुण होतात. रोजंदारीवरचे लोक ‘काम नव्हतंच’ म्हणून ‘नाही’ लिहितात. काम नव्हतं की हातांच्या भेगांमुळे तुम्ही गेला नाहीत, हे आधी स्वतःशी ठरवा.

आणि उलटी चूकही असते: ‘जास्त गुण आले की चांगलं औषध मिळेल’ म्हणून सगळीकडे ३. अनुभवी डॉक्टरला ते लगेच कळतं, आणि मग तुमच्या खऱ्या उत्तरांवरचाही भरवसा जातो.

टप्पा ४: गुणांत न मावणारं

तीन गोष्टी वेगळ्या लिहा.

सांधे. सोरायसिस असलेल्यांपैकी तिघांत एकापर्यंत लोकांना सांध्यांचा त्रास होऊ शकतो. सकाळी उठल्यावर बोटं किंवा कंबर अर्ध्या तासाहून जास्त आखडलेली राहते का? एखादं बोट आख्खं सुजून केळासारखं जाड झालंय का? टाच दुखते का? दुखतं ते वयानं किंवा रानातल्या कामानं, असं समजून लोक मेडिकलवरची वेदनाशामक गोळी घेत राहतात. झिजलेला सांधा परत येत नाही, म्हणून हे पहिल्याच भेटीत सांगायचं.

जागा. एका हाताचा पंजा म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का. दोन्ही तळहातांना सोरायसिस असेल तर मोजणीत तो दोनच टक्के भरतो. पण त्या दोन टक्क्यांत कापूस वेचता येत नाही, भाकरी थापता येत नाही, भांडी घासली की चिरांतून रक्त येतं. तसंच तळपाय, डोकं, नखं आणि जांघ-गुप्तांगाचं. भाग लहान, अडचण मोठी. अशा जागी तज्ज्ञ टक्केवारीवर अडून न राहता पुढचा उपचार विचारात घेतात. पण त्यांना सांगितलं तर.

मन. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस उदास वाटलं का? आवडीच्या गोष्टींतला रस गेला का? दोन्हींपैकी एकाला ‘हो’ असेल तर तेही त्याच भेटीत बोला. सोरायसिसच्या रुग्णांत नैराश्य जास्त आढळतं, त्यात कमीपणा काही नाही.

इशारा: जगण्यात अर्थ नाही, जीव द्यावा असे विचार येत असतील तर भेटीची तारीख येईपर्यंत थांबू नका. १४४१६ या टेलिमानस (सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन) क्रमांकावर दिवसरात्र कधीही मोफत बोलता येतं, मराठीतही.

टप्पा ५: जाण्याआधीची तयारी

आपल्याकडे दवाखान्यात जायचं म्हणजे पाहुण्याकडे गेल्यासारखं जातात. न्हाऊन, डोक्याला भरपूर तेल लावून, पापुद्रे घासून, स्वच्छ. मग डॉक्टरांना दिसतो तो सजवलेला आजार! आंघोळ करा, पण त्या सकाळी चट्ट्यांवर तेल-मलम लावू नका, कोंडा खरवडू नका. नेलपॉलिश काढून जा. बाही आणि सलवार-पँट सहज वर होईल असे कपडे घाला.

पिशवीत: वही, आतापर्यंत वापरलेल्या सगळ्या ट्यूबा आणि गोळ्यांची पाकिटं, रिकामी असली तरी, जुने केसपेपर आणि रक्ताचे रिपोर्ट, आणि बाकी आजारांची औषधं. हे शेवटचं लोक हमखास विसरतात. रक्तदाबाच्या काही गोळ्या (बीटा ब्लॉकर गटातल्या), मानसिक आजारासाठीचं लिथियम, आणि चिकुनगुनियानंतरच्या सांधेदुखीला बऱ्याचदा दिलं जाणारं हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन यांनी सोरायसिस भडकू शकतो. ‘ते तर वेगळ्या डॉक्टरचं औषध आहे’ म्हणून घरी ठेवू नका. मनानं बंदही करू नका, फक्त दाखवा.

आजार वरखाली होतो आणि नेमका भेटीच्या दिवशी शांत असतो. म्हणून भडकलेल्या दिवशी फोटो काढा. सकाळी दारातल्या उजेडात, फ्लॅशशिवाय, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून, दर वेळी तीच जागा. गुप्त जागांचे फोटो नकोत, तिथे ‘आतही आहे, दाखवायचं आहे’ एवढं सांगितलं की पुरे. बायकांना बाई डॉक्टर किंवा सोबत नर्स मागता येते.

टप्पा ६: ओपीडीत कोणत्या क्रमानं बोलायचं

वेळ मिळतो तीन-चार मिनिटं. ‘२००९ साली पहिल्यांदा कानामागे आलं’पासून सुरुवात केली की त्यातच संपतो. म्हणून उलट्या क्रमानं जा.

पहिलं वाक्य आकड्यांचं. उदाहरणार्थ: “रोज रात्री दोनदा जाग येते, प्रश्नावलीत १४ गुण आले, सकाळी बोटं तासभर वळत नाहीत.”

दुसरं, न दिसणाऱ्या जागा: डोकं, नखं, जांघ, तळपाय.

तिसरं, तुमची निकड. “महिन्याभरात कापूस वेचणी आहे, हात चालायला हवेत.” रुग्ण मुलगी असेल तर, “हिच्यासाठी स्थळं बघतोय, वर्षभरात लग्न होईल.” यातलं दुसरं वाक्य लोक मुद्दाम लपवतात, आणि तिथे खरा धोका आहे. मेथोट्रेक्सेट हे सोरायसिसवरचं औषध गर्भाला घातक आहे. ॲसिट्रेटिन ही दुसरी गोळी बंद केल्यानंतरही तीन वर्षं गर्भधारणा टाळावी लागते. लग्नाचं बोलणं चालू आहे हे डॉक्टरांना माहीत नसेल तर ते औषध निवडणार कशाच्या आधारावर? मूल हवं असणाऱ्या पुरुषांनीही विचारून घ्यावं.

चौथं, दारू. पीत असाल तर किती, ते खरं सांगा. बायको बाहेर गेल्यावर सांगा हवं तर. मेथोट्रेक्सेट आणि दारू दोन्ही यकृतावर येतात.

उठण्याआधी तीन गोष्टी विचारून वहीत लिहून घ्या: कोणतं औषध कुठे, किती आणि किती दिवस, फरक कधी दिसायला हवा, आणि काय झालं तर तारखेआधी यायचं.

तपासून पाहा: लिहिलेलं डॉक्टरांना किंवा औषध देणाऱ्याला एकदा वाचून दाखवा. चेहऱ्याचं मलम पायाला आणि पायाचं चेहऱ्याला, हा घोळ मी स्वतः महिनाभर केला आहे. पायाच्या जोरदार स्टिरॉइडनं चेहऱ्याची कातडी पातळ पडली.

टप्पा ७: उपचार आपल्या दिवसात बसवणं

इथे औषधापेक्षा पाणी, उन्ह आणि काम आडवं येतं.

आंघोळ कोमट पाण्यानं, थोडक्यात. वजरीनं किंवा घासणीनं खवले काढू नका. कातडीला इजा झाली की त्याच जागी नवा चट्टा उठू शकतो. आमच्याकडचं बोअरचं पाणी जड, कातडी आणखी कोरडी पडते. उन्हाळ्यात टँकरवर असाल तर रोजच्या आंघोळीचा अट्टहास नको, ओल्या फडक्यानं अंग पुसा. पण पुसल्यावर दोन-तीन मिनिटांत, अंग ओलसर असतानाच, व्हॅसलिन किंवा खोबरेल तेल लावा. हे चुकवू नका. महागडी क्रीम लागत नाही. औषधाचं मलम लगेच त्यावर लावू नका, अर्धा तास जाऊ द्या.

मलम किती? तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. दोन पंज्यांएवढ्या जागेला तेवढं पुरतं. कंजूषपणे लावणारे आणि थापणारे, दोघंही फरक पडत नाही म्हणतात. कॅल्सिपोट्रिऑल आणि सॅलिसिलिक ॲसिड ही दोन्ही लावायची औषधं लिहून दिली असतील तर एकाच वेळी एकावर एक लावू नका. सॅलिसिलिक ॲसिडनं पहिल्याचा असर जातो. वेळा विचारून घ्या.

इशारा: मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं औषध आहे. रोज घेतल्यानं माणसं दगावली आहेत. गोळीचा दिवस गावच्या बाजाराच्या दिवसाला बांधा. रविवारचा बाजार असेल तर रविवार. तो चुकतही नाही आणि दोनदाही येत नाही. घरात जी व्यक्ती औषधं हातात देते तिलाही हे सांगा. फॉलिक ॲसिडची गोळी वेगळी, ती कोणत्या दिवशी ते लिहून घ्या. रक्त, यकृत आणि किडनीच्या तपासण्या ठरल्या वेळी करा, आणि अंगदुखीची गोळी न विचारता घेऊ नका. तोंडात फोड, ताप किंवा दम लागणं असं काही झालं तर पुढचा डोस न घेता दवाखाना गाठा.

ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी वेगळं. दिवाळीच्या आसपास गाडी भरली की थेट मार्च-एप्रिलला परतायचं. मधले सहा महिने उपचार तुटतो, वर उसाच्या पाचटानं हातपाय कापतात आणि कापलेल्या जागी चट्टे उठतात. निघण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटून सांगा, ‘अमुक जिल्ह्यात, अमुक महिन्यापर्यंत असणार.’ तपासणी तिथल्या कोणत्या सरकारी रुग्णालयात करता येईल ते विचारा. केसपेपरचा फोटो नवरा-बायको दोघांच्याही मोबाइलमध्ये ठेवा. पूर्ण बाह्यांचा जुना सुती शर्ट, पायात मोजे आणि कोपीत (तोडीवरच्या झोपडीत) व्हॅसलिनचा मोठा डबा. कोयता चालवणाऱ्याच्या मुठीखाली चिरा पडतात, तिथे सुती कापड गुंडाळा.

इशारा: सगळं अंग लाल होऊन थंडी वाजणं, किंवा तापाबरोबर अंगभर पूभरले फोड येणं ही तातडीची वेळ आहे. स्थानिक मलमपट्टीत दिवस न घालवता थेट मोठ्या रुग्णालयात जा.

टप्पा ८: घर, सलून, शाळा

सोरायसिस लागट नाही. एका ताटात जेवून, एका अंथरुणात झोपून, एकच टॉवेल वापरून होत नाही. हे तुम्ही सांगितलं तर लोक मान डोलावतात आणि टॉवेल वेगळाच ठेवतात. म्हणून केसपेपरवर डॉक्टरांकडून एक ओळ लिहून घ्या: ‘हा आजार संसर्गजन्य नाही.’ खाली सही-शिक्का. मुख्याध्यापक, वसतिगृहाचे रेक्टर, मुकादम, सलूनवाला, सगळ्यांना हा कागद चालतो. एका सलूनमध्ये मला खुर्चीवरून उठवलं होतं. दुसऱ्या सलूनमध्ये मी आधीच कागद दाखवला आणि ‘कंगवा घासून लावू नका, कातडी निघते’ एवढी सूचना दिली. आता गेली सहा वर्षं तिथेच जातो.

लग्नाच्या बोलण्यात आजार लपवू नका. पण ‘पिढ्यानपिढ्या येतो’ हेही कबूल करून टाकू नका. आनुवंशिकता आहे, मात्र आई-बापांपैकी एकाला असेल तरी बहुतेक मुलांना तो होत नाही. समोरच्या घराला हवं असेल तर त्यांना तुमच्या डॉक्टरांकडे सोबत घेऊन जा.

टप्पा ९: पुन्हा मोजा

साधारण तीन महिन्यांनी, किंवा डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी, तीच सात दिवसांची वही आणि तीच प्रश्नावली पुन्हा. निदान ४ गुण उतरले असतील तर फरक खरा आहे. चट्टे फिके झाले पण गुण तेवढेच, असंही होतं. तेव्हा उत्तर बहुधा ‘सोडलेल्या गोष्टीं’च्या पानावर असतं: कातडी सुधारली, माणूस अजून घरातच बसलाय. उलट गुण उतरलेच नाहीत तर उपचार बदलण्याविषयी स्पष्ट विचारा. गोळ्या, अतिनील किरणांचा उपचार, इंजेक्शनची जैविक औषधं (बिथरलेल्या प्रतिकारयंत्रणेला आवरणारी) असे पुढचे पर्याय आहेत. किरणांसाठी आठवड्यातून दोन-तीनदा जावं लागतं, म्हणून येण्याजाण्याचं भाडं आणि बुडणारी रोजंदारी आधीच मोजून सांगा. जैविक औषध महाग असतं आणि त्याआधी क्षयरोगाची तपासणी लागते.

बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं सगळं बंद करणं ही या टप्प्यावरची नेहमीची चूक. कमी कसं करायचं तेही विचारूनच.

वहीची जुनी पानं फाडू नका. शासकीय रुग्णालयात बहुतेक खेपेला समोर नवे निवासी डॉक्टर असतात, त्यांना तुमचं आधीचं काही ठाऊक नसतं. ‘कसं आहे?’ असं विचारलं की बोलण्याआधी पहिलं पान उघडून पुढे करा.